मॅडम नाही म्हणतात

श्रीहरीभाऊ पारसनीसांच्या तोंडून 'नाही' हा शब्द अख्ख्या इंदुरात कुणी ऐकलेला नव्हता. एकदा अन्नपूर्णा मंदिराबाहेर एका माणसाने त्यांना सहज विचारलं, "भिया, उंट घ्यायचा का?" भाऊंना नाही म्हणवेना. "बघू, होऊन जाईल," म्हणाले. दुसऱ्या दिवशी उंट दाराशी. आठवडाभर तो गल्लीतल्यांची वाळत घातलेली धुणी खात उभा होता. शेवटी शोभनावहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, उंट आणि उंटवाला दोघांनाही हाकललं. उंट जाताना रडला, असं गल्लीत अजून सांगतात. भाऊही रडले होते, पण सुटकेने.

हा दोष त्यांच्या एकट्याचा नव्हे, खानदानी. संस्थानाच्या काळात त्यांचे पणजोबा कचेरीत बसायचे. कुणी अर्ज घेऊन आला की त्याला पानसुपारी द्यायचे, घरच्या म्हशीपर्यंत सगळ्यांची चौकशी करायचे, आणि मग डोळे छताकडे नेऊन म्हणायचे, "आमच्या हातात असतं तर आत्ताच केलं असतं हो. पण वरून हुकूम नाही." माणूस हात हलवत परत जायचा, पण जाताना पणजोबांना दुवा देत जायचा. पुढे संस्थान गेलं, कचेरी गेली, वर बसणारे गेले. डोळे छताकडे नेण्याची सवय तेवढी पारसनीसांच्या रक्तात उरली.

आता असा माणूस मालक म्हणून बसला तर काय व्हायचं? अन्नपूर्णा भागात भाऊंची डेंटल लॅब होती. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं पाठवत आणि इथे कवळ्या तयार होत. काम उत्तम, पण जो येईल त्याला सुट्टी, जो मागेल त्याला हो. एकदा तर भर हंगामात लॅबमध्ये भाऊ आणि कवळ्याच उरल्या होत्या, आणि कवळ्यासुद्धा दात काढून हसत होत्या म्हणे.

तेव्हा कुणीतरी सुचवलं की माणसं वाढली आहेत, नेमणूकपत्रं, पीएफ, रजेचे नियम, सगळं रीतसर हवं. त्यासाठी पगारी माणूस कशाला? बाहेरचा एचआर सल्लागार घ्या. अशा रीतीने पुण्याच्या शलाका आठल्ये फोनवरून कामाला लागल्या. दर आठवड्याला एक फोन. पहिल्याच फोनवर त्या स्पष्ट म्हणाल्या, "पारसनीस सर, मी सल्ला देईन, निर्णय तुमचा. आणि मला सगळं खरंखुरं सांगायचं. अर्धवट माहितीवर मी अर्धवटच सल्ला देणार."

"हो हो," भाऊ म्हणाले, "होऊन जाईल."

त्याच आठवड्यात प्लास्टरचं काम करणारा बंडू आला. साडूच्या मेव्हण्याच्या साखरपुड्याला जायचं होतं, आठवडाभर. भाऊंचे डोळे आपोआप छताकडे गेले आणि तोंडातून शब्द पडले, "माझ्याकडून हो आहे रे बंडू. पण आपल्या एचआर मॅडम नाही म्हणतात."

बंडू रागावला नाही. उलट त्याने भाऊंकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने आपण सासुरवाशिणीकडे पाहतो. "मॅडमच नाही म्हणतात तर तुम्ही काय करणार, भिया," असं म्हणून त्याने आपल्या कचोरीतला अर्धा तुकडा भाऊंना दिला.

भाऊंना पणजोबांचं छत परत मिळालं.

मग काय विचारता! मॅडमनी दुपारची डुलकी बंद केली. मॅडमनी मोबाईलवरची गाणी बंद केली. मॅडमनी ॲडव्हान्स नाकारले, गप्पा नाकारल्या, दिवाळीचा बोनस दिवाळीनंतर ठेवला. आणि खऱ्या शलाकाबाईंना यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. त्या बिचाऱ्या दर आठवड्याला विचारायच्या, "स्टाफ खूश आहे ना?" आणि भाऊ म्हणायचे, "एकदम."

न दिसणारी बाई फार भराभर वाढते. मशीनवर दात डिझाइन करणारा अर्पित सांगू लागला की मॅडमनी पीथमपूरची एक आख्खी फॅक्टरी व्हिडिओ कॉलवर नुसतं बघून रिकामी केली होती. बंडू म्हणाला, मॅडमच्या ऑफिसातलं घड्याळसुद्धा लेट होत नाही, त्याची हिंमतच नाही. भाऊंच्या फोनवर पुण्याचा नंबर आला की लॅबमधला पंखा कुरकुरायचा थांबायचा आणि ट्रेमधल्या कवळ्या आपापली तोंडं मिटून घ्यायच्या. मॅडमना नाव असेल, हे मात्र कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मॅडम म्हणजे मॅडम.

सगळं असंच चाललं असतं. पण मग वसुधाताईंची गोष्ट झाली.

वसुधाताई म्हणजे लॅबचा कणा. मेणात दात बसवायचं काम त्यांचं. त्यांनी बसवलेली कवळी घालून एक आजोबा इतके खरे हसले, की त्यांच्या भावाने पन्नास वर्षांचं वैर विसरून त्यांना मिठी मारली. डॉक्टर मापाच्या डबीवर लिहूनच पाठवत, 'वसुधाताईंकडेच द्या.' त्यांच्या नवऱ्याला मध्यंतरी अर्धांगवायूचा झटका आला होता. व्यायाम करून घेणारा माणूस दुपारी घरी यायचा, त्या वेळी त्याच्या मदतीला कुणीतरी हवं. म्हणून त्यांनी भाऊंकडे एवढंच मागितलं, की दुपारचा चहा झाला की मला घरी जाऊ द्या.

भाऊ घाबरले. एकाला दिलं की सगळे मागणार. डोळे वर गेले. "ताई, माझ्याकडून हो आहे. पण मॅडम नाही म्हणतात."

वसुधाताई मान खाली घालून मेण कोरत राहिल्या. आणि काही दिवसांनी शांतपणे येऊन म्हणाल्या, "भाऊ, मी महिनाअखेर सोडते. विजय नगरात मोठी लॅब आहे ना, तिथल्या शेठना शब्द दिलाय. ते म्हणाले, लवकर जात जा."

भाऊ हिशेब करू लागले. वसुधाताई गेल्या तर डॉक्टर जाणार. डॉक्टर गेले की लॅब जाणार. थांबवायचं तर म्हणायचं काय? मॅडमनी मत बदललं म्हणायचं? ज्या मॅडमपुढे पीथमपूरची फॅक्टरी टिकली नाही, त्या मॅडम मत बदलतील यावर कोण विश्वास ठेवणार?

आणि याचं उत्तर सापडायच्या आतच पुण्याचा फोन आला.

"पारसनीस सर, आनंदाची बातमी," शलाकाबाई म्हणाल्या. "माझ्या मिस्टरांची इंदुरात बदली झाली. आम्ही विजय नगरात फ्लॅट घेतला. बुधवारी मी लॅबला येते. सगळ्यांशी एकेकट्याने बोलायचंय."

"हो," भाऊ म्हणाले. "होऊन जाईल." आणि खुर्चीवर बसले. खुर्ची तिथे नव्हती.

घरी त्यांना घास उतरेना. शोभनावहिनींनी ताटात दोनदा सेव वाढली तरी हात चालेना, तेव्हा त्यांनी ओळखलं. सगळं ऐकून घेतल्यावर वहिनी म्हणाल्या, "अहो, म्हणजे त्या बाईच्या नावावर तुम्ही वर्षभर पापं केलीत?"

"पापं काय गं. निर्णय."

"मग त्यांना फोन करून सांगा. आज, आत्ता. माझ्यासमोर लावा."

भाऊंनी लावला. वहिनी समोर पोळपाट घेऊन बसल्या. भाऊंनी हवापाण्याचं विचारलं, सामान नीट पोचलं का विचारलं. कपाळावरून घाम गळत होता. दहा मिनिटांनी फोन ठेवला तेव्हा त्यांनी शलाकाबाईंना सुतार शोधून द्यायचं, गॅसची शेगडी जोडून द्यायचं आणि घरकामाला बाई बघायचं कबूल केलं होतं.

"आणि ते?" वहिनींनी विचारलं.

"म्हटलं, बुधवारी नका येऊ, लॅबला रंग लावतोय, वास येईल."

"मग?"

"त्या म्हणाल्या, मला रंगाचा वास आवडतो."

वहिनींनी लाटणं खाली ठेवलं. "आता रंग कुठून आणणार?"

हा प्रश्न भाऊंना त्याआधी सुचलाच नव्हता. रात्रभर त्यांच्या स्वप्नात एक उंट रंगाचा डबा घेऊन दाराशी उभा होता.

बुधवारी सकाळी त्यांनी लॅबमध्ये सगळ्यांना बजावलं. "आज मॅडम येतायत. कुणी काही विचारलं तर फक्त म्हणा, सगळं उत्तम आहे." अर्पितने लगेच केस ओले करून चापून बसवले. बंडूने मोबाईल प्लास्टरच्या पोत्यात लपवला. वसुधाताई मात्र मेणाचा दिवा पेटवून शांत बसल्या होत्या, आणि ती शांतताच भाऊंना जास्त टोचत होती. चिडल्या असत्या तर बरं. निघून चाललेल्या माणसाची शांतता होती ती.

मग भाऊ रंग आणायला पळाले. मॅडम जेवणानंतर येणार होत्या. तोवर निदान एक भिंत तरी ओली दिसायला हवी. दुकानदाराने विचारलं, "कौनसा शेड दूँ?" भाऊ म्हणाले, "जो तुम बोलो." त्याने जो वर्षभर खपला नव्हता तो दिला. येताना प्रत्येक सिग्नल लाल. डबा स्कूटरवर पायांत धरलेला. मनात एकच धाकधूक: शलाकाबाई विचारतील, दुपारची डुलकी का बंद? बंडू म्हणेल, तुम्हीच केलीत. शलाकाबाई म्हणतील, मी? आणि सगळ्या माना आपल्याकडे वळतील. वसुधाताईंचीसुद्धा.

लॅबच्या दाराशी एक अनोळखी स्कूटी उभी होती.

भाऊ दारातच थबकले. आत वसुधाताईंच्या टेबलाशी एक छोटीशी, चष्मेवाली बाई स्टुलावर बसली होती. मांडीवर हेल्मेट, हातात द्रोण, द्रोणात गरम गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाचे मसालेदार तुकडे. मसाला बोटांना लागलेला. फोनवरच्या फोटोत होती तीच. शलाकाबाई लवकर आल्या होत्या.

आणि लॅबमधल्या कुणालाच ते कळलं नव्हतं. सहा फुटी, खणखणीत आवाजाच्या, नजरेने फॅक्टरी रिकामी करणाऱ्या मॅडमची वाट बघणाऱ्यांना ही बाई म्हणजे कुठल्यातरी दवाखान्यातून कवळी न्यायला आलेली दीदी वाटली होती. तिने आल्याबरोबर सांगितलंही होतं, "मी शलाका." त्यावर अर्पित म्हणाला होता, "बैठो दीदी, भाऊ येतातच. गराडू खाओ."

"तुम्हाला काय माहीत दीदी," अर्पित आता रंगात आला होता, "आमच्या एचआर मॅडम म्हणजे एकदम खतरनाक. आज येणार आहेत. मी तर सकाळी उपास धरलाय."

"गराडू खातोयस की," बंडू म्हणाला.

"गराडू उपासाला चालतो, भिया."

"काय करतात पण त्या?" शलाकाबाईंनी गराडूचा तुकडा उचलत विचारलं.

"काय नाही करत ते विचारा! डुलकी बंद, गाणी बंद. बंडूभियाला साखरपुड्याला जाऊ दिलं नाही. बोनस लेट. भाऊ बिचारे देवमाणूस, ते रडतात हो आमच्यासाठी, पण मॅडमपुढे कुणाचं चालतं?"

"अस्सं," शलाकाबाई म्हणाल्या. चावायच्या थांबल्या होत्या.

"आणि वसुधाताईंना विचारा," बंडूने भर घातली. "घरी नवरा आजारी, दुपारी सोडा म्हटलं, तर मॅडम म्हणे नाही. सोडून चालल्यात ताई. अशी बाई असते का?"

वसुधाताईंनी मेणाची सुरी खाली ठेवली. "जाऊ दे रे. त्या बाईला तरी काय माहीत, मी कोण, माझं घर कुठलं."

तेवढ्यात शलाकाबाईंनी मान वर केली आणि दारातले भाऊ त्यांना दिसले. पळावं, तर हातात रंगाचा डबा.

"या ना पारसनीस सर," त्या म्हणाल्या. आवाज फोनवरचाच होता, शांत. "तुमच्या मॅडमविषयी ऐकत होते. वसुधाताईंच्या बाबतीत त्या नेमकं काय म्हणाल्या, मला जाणून घ्यायचंय. तुम्ही स्वतः बोलला असाल ना त्यांच्याशी?"

सगळे भाऊंकडे बघू लागले. भाऊंचे डोळे सवयीने छताकडे गेले. छताला पंखा होता, एक कोळिष्टक होतं. वर दुसरं कुणी नव्हतं.

तरी जीभ तयार होती. म्हणायचं, त्या आधीच्या मॅडम होत्या, त्या गेल्या, ह्या नव्या. काय सुरेख थाप! पणजोबांनी पाठ थोपटली असती. बंडूने मानलं असतं, अर्पितने मानलं असतं. पण वसुधाताई टेबल आवरायला लागल्या होत्या, आणि भाऊंच्या लक्षात आलं की या थापेने आपण वाचू, ताई नाही थांबणार. उद्या नवी मॅडमही अशीच कुठेतरी वर बसलेली असणार, आणि ताईंनी मॅडमांवरचा विश्वासच सोडून दिला होता.

"मॅडमना मी..." भाऊंनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "मॅडमना मी विचारलंच नव्हतं. नाही मीच म्हणालो, ताई. बाकीचंही सगळं मीच."

ट्रेमधल्या एका कवळीने आ वासला.

"तुम्ही?" वसुधाताई उभ्या राहिल्या. "तुम्ही म्हणालात? आणि मी इतके दिवस त्या बाईला मनातल्या मनात शिव्या घालतेय! रणजीत हनुमानाला नारळ बोललेय मी, की त्या बाईची बदली होऊ दे!"

"झाली ना," शलाकाबाई म्हणाल्या. "म्हणजे माझ्या मिस्टरांची झाली. इंदूरला."

अर्पितच्या तोंडातला गराडू तोंडातच राहिला. बंडूने हळूच भिंतीला टेकून घेतलं आणि दोन्ही हात जोडले. हेल्मेटवाली, मसाल्याच्या बोटांची ही बाई म्हणजे ती?

वसुधाताईंचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. त्या भाऊंच्या अंगावर गेल्या. "अहो, तुम्ही तोंडावर नाही म्हणाला असतात ना, तर मी भांडले असते! म्हटलं असतं, सकाळी लवकर येते, सासूबाई सकाळी घरी असतात. काहीतरी निघालं असतं. त्या न दिसणाऱ्या बाईशी मी भांडायचं कसं? म्हणून सोडून चाललेय मी. तिच्याशी नाही भांडता येत म्हणून!"

भाऊंना आयुष्यात कुणी इतकं बोललं नव्हतं. कान तापले. शलाकाबाई काहीतरी म्हणतील म्हणून त्यांनी आशेने तिकडे पाहिलं.

"सकाळी लवकर येणं ही चांगली वाट आहे," त्या म्हणाल्या. "आदल्या संध्याकाळी आलेली मापं तेव्हा तयारच असतात. हा झाला माझा सल्ला. हो की नाही, ते तुम्ही सांगायचं. माझ्याकडे नका बघू, त्यांच्याकडे बघा."

"होऊन..." भाऊंनी गिळलं. "हो. उद्यापासून."

"आणि शनिवारची सुट्टी," वसुधाताई म्हणाल्या. रागाच्या भरात होत्या, मिळतंय तर घ्यावं.

भाऊ पेचात पडले. आत्ता नाही म्हटलं तर हातचं जाईल. हो म्हटलं तर शनिवारी डॉक्टरांना कवळ्या कोण देणार? छत नको, छत नको, असं मनाशी म्हणत त्यांनी ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि डोळे घट्ट मिटले.

"नाही," ते म्हणाले.

बाहेर एक रिक्षा म्हणे चालता चालता बंद पडली. भाऊंनी एक डोळा उघडला. वसुधाताई तिथेच होत्या.

"बरं," ताई म्हणाल्या. "नाही तर नाही. विचारून बघितलं."

एवढंच? भाऊंनी दुसराही डोळा उघडला. पण सुटका अजून झालेली नव्हती. ताई स्टुलावर बसल्या आणि त्यांचा चेहरा एकाएकी पडला.

"पण मी तिकडे शब्द दिलाय हो. त्या शेठना नाही कसं म्हणू? इतके गोड बोलतात ते. चहा पाजला त्यांनी मला." त्यांनी शलाकाबाईंकडे वळून आवाज खाली आणला. "मॅडम, असं करू का? त्यांना सांगते, आमच्या एचआर मॅडम सोडत नाहीत. तुमचं नाव ऐकून काही बोलणार नाहीत ते."

"हो, हे बेस्ट आहे!" अर्पित म्हणाला. भाऊंनीही मान डोलावली, आणि डोलावता डोलावता थांबवली.

"नाही," शलाकाबाई म्हणाल्या आणि गराडूचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. किती सहज म्हणाल्या! सगळे बघतच राहिले. "मी कुणालाही धरून ठेवलेलं नाही. राहायचं तर तुम्ही राहताय, जायचं तर तुम्ही जाताय."

"मग मी बोलू का त्यांच्याशी?" भाऊंनी चाचरत विचारलं.

शोभनावहिनी तिथे असत्या तर कपाळावर हात मारला असता. वसुधाताईंनीच मान हलवली. "तुम्ही बोललात तर तिथेही 'होऊन जाईल' म्हणून याल."

त्यांनी फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू जावा म्हणून टेबलावर ठेवला, कवळ्यांच्या मधोमध. पलीकडून आवाज आला, "बोलो ताई! कब आ रही हैं आप?"

"नमस्ते भाईसाब. घर में सब ठीक?"

"सब बढ़िया. आपकी टेबल रेडी है."

"बेटी की परीक्षा हो गयी?"

भाऊंच्या बोटांत रंगाच्या डब्याची कडी रुतत होती. डबा खाली ठेवायचंही त्यांना सुचेना. हा रस्ता त्यांच्या पायाखालचा होता. आता परीक्षा, मग हवापाणी, मग 'होऊन जाईल'. ताई त्याच वळणावर उभ्या होत्या. मदत करावी असं त्यांना इतकं वाटलं, की त्यांनी आपल्याच तोंडावर हात ठेवला.

"भाईसाब, वो... मैं नहीं आ पाऊँगी."

"अरे! क्यों ताई? किसने रोका? पारसनीसजी ने?"

वसुधाताईंनी भाऊंकडे पाहिलं. शलाकाबाईंकडे पाहिलं. बंडू आणि अर्पित श्वास धरून होते. ताईंच्या ओठांवर ते नाव आलेलं सगळ्यांना दिसलं, तयार, गोड, कामाचं नाव.

"किसी ने नहीं, भाईसाब," त्या म्हणाल्या. "मैं ही नहीं आ रही."

मग शेठ म्हणाले, "अच्छा. चलो, कोई बात नहीं, ताई," आणि फोन बंद झाला.

वसुधाताईंनी पदराने कपाळ पुसलं. बंडूने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी एका दमात संपवला आणि रिकामा ग्लास भाऊंच्या हातात दिला, कारण सगळ्यांत जवळ तेच उभे होते. मग दिवा पुढे ओढला, सुरी गरम केली आणि एका अर्ध्या कवळीत पुढचा दात बसवायला घेतला.

"भाऊ," मान वर न करता त्या म्हणाल्या, "डबा खाली ठेवा आता. हात दुखेल."